निळ्या फाटकापाशी थांबलेली गोष्ट

जरा डोळ्यांसमोर एक पुस्तक आणून बघा. त्याला पुठ्ठा नाही. नाव नाही, लिहिणाऱ्याचं नाव तर नाहीच. पानं इतकी मऊ झालीत, की उलटताना आवाजसुद्धा होत नाही. आत एक मुलगी आहे, तिच्या काखेत कोकरू आहे, आणि ती एका निळ्या फाटकापुढे हात उचलून उभी आहे. पुढे काय होतं ते तुम्हांला ठाऊक नाही. पुस्तक हरवून एकोणीस वर्षं झालीत, आणि ज्या माणसानं ते तुम्हांला वाचून दाखवलं, त्याला विचारायची सोय उरलेली नाही. आता सांगा, तुम्ही कुणाला विचाराल?

तुळजानं अनोळखी माणसांना विचारलं.

तुळजा बिदर जिल्ह्यातल्या राजेश्वर गावी मराठी शाळेत अतिथी शिक्षिका होती. वय चोवीस. पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवायची आणि शनिवारी शेवटच्या तासाला गोष्ट सांगायची. गोष्टी तिला पुष्कळ येत होत्या. पण जी सांगावीशी वाटे, ती तिच्याकडे अर्धीच होती.

ती तिच्या आईची गोष्ट. घरात मेंढरं होती तेव्हाची. वडील, लिंगाप्पा, मेंढरांमागे रानोमाळ असायचे, आणि घरी मायलेकी दोघीच. भाकरी झाल्या की अनसाबाई पदराला हात पुसायची, कोनाड्यातलं ते पुस्तक काढायची आणि बोटाला थुंकी लावून पान उलटायची. मग तिचं बोट ओळीखालून सरकू लागे, आणि बोटाच्या मागोमाग गोष्ट. एका पोरीचं कोकरू आजारी पडतं. खात नाही, पीत नाही. एक दिवस खांद्याला पिशवी लावलेला परका माणूस दारात येतो. पोरीला वाटतं, हा माझं कोकरू न्यायलाच आला. ती कोकरू काखेत मारून पळत सुटते. ज्वारीतून, ओढ्यातून, टेकडीवरून... पळता पळता एका निळ्या फाटकापाशी येते. कोकराची मान आता लुळी पडलीय. आत कोण असेल, काय करेल, काही ठाऊक नाही. ती हात उचलते—

इथं अनसाबाई पुस्तक मिटायची.

"पुढं काय झालं गं माय?"

"पुढचं पान तू वाचायचं. शाळंत जा, अक्षरं शीक, आन् मला वाचून दाव."

त्या वर्षी जूनमध्ये तुळजाचं नाव शाळेत घातलं. पण त्याआधीच, मे महिन्यात, तीन दिवसांच्या तापानं अनसाबाई गेली होती. लिंगाप्पानं मेंढरं विकली. कोनाड्याला वाळवी लागली, पुस्तकाची माती झाली. तुळजा अक्षरं शिकली. आधी मराठी, मग कन्नड. पुढे तीच दुसऱ्यांच्या पोरांना अक्षरं शिकवू लागली. आणि तरीही तिला सारखं वाटे, आईनं आपल्याला एकच काम सांगितलं होतं आणि तेवढंच राहून गेलं.

वडिलांना विचारून झालं होतं. "वाचायची खरं काहीतरी," लिंगाप्पा म्हणायचे. "मी कवा घरी व्हतो? मी असायचो मेंढरात." आणि मग ते उठून बाहेर जायचे.

म्हणून गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तिनं फेसबुकवरच्या एका ग्रुपमध्ये लिहिलं. ग्रुपचं नाव होतं 'नाव आठवत नाही, पण...' अर्धवट आठवणाऱ्या पुस्तकांची चौकशी करणारी माणसं तिथं जमायची. नियम दोनच. जेवढं आठवतं तेवढंच लिहायचं, पदरचं घालायचं नाही. आणि पुस्तक मिळालं, की आपल्या पोस्टवर 'सापडलं' असं लिहायचं, म्हणजे शोधणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो.

तुळजानं जेवढं आठवत होतं तेवढं लिहिलं. लोक चांगले होते. नागपूरच्या एका आजींनी आपल्या कपाटातल्या सगळ्या बालपुस्तकांचे फोटो पाठवले. पुण्याच्या एका ग्रंथपालानं सतरा नावं सुचवली, ती एकेक करून खोडली गेली. सांगलीच्या एका गृहस्थांनी लिहिलं, "ताई, हे पुस्तक नसेल, स्वप्न असेल." त्यानंतर दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत, त्या पोस्टखाली एक ओळ आली. लिहिणाऱ्याचं नाव श्रीशैल. फोटोत नुसती मोटारसायकल, माणूस नाही.

"अक्का, कोकराच्या गळ्यात लाल चिंधी व्हती का?"

तुळजाच्या हातातला घास हातातच राहिला. लाल चिंधी! ती तिनं लिहिलीच नव्हती. ती तिला स्वतःलाच या क्षणी आठवली होती.

"होती," तिनं लिहिलं. "अण्णा, तुम्हांला कसं ठाऊक?"

उत्तरादाखल इनबॉक्समध्ये त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. मागे ट्रक घरघरत होता, कुणीतरी पोती मोजत होतं.

"अक्का, मला मराठी लिवायला धड जमत न्हाई. घरी मराठी, शाळा सगळी कन्नड. म्हणून बोलूनच सांगतो. ते पुस्तक आमच्या घरी व्हतं, कमठाण्याला. आमची बी मेंढरं व्हती. लहानपणी मी चित्रं बघत बसायचो. निळं फाटक, व्हय. आन् त्या पिशवीवाल्याच्या मिशा कशा व्हत्या सांगू? झाडूवानी."

शिक्षकांच्या खोलीत एकटीच बसलेली तुळजा मोठ्यानं हसली. झाडूसारख्याच होत्या मिशा. जगात आणखी एका माणसानं त्या पाहिल्या होत्या.

"पुढं काय झालं मग? निळ्या फाटकाच्या पुढं?"

"ते न्हाई आठवत. मी चित्रं बघायचो, वाचतंय कोण? पर ते आप्पाच्या ट्रंकेत असंल. आप्पा जाऊन सहा वर्सं झाली. ती ट्रंक आई येळवशीलाच उघडती. आप्पाची घोंगडी काढती, शेतात नेती, संध्याकाळी पुन्हा आत ठिवती. एरवी कुणाला हात लावू देत न्हाई. थांबशीला न्हवं तवर?"

येळवस, म्हणजे आपली वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा करायचा सण, दीड महिन्यावर होती.

"एकोणीस वर्सं थांबलेय," तुळजा म्हणाली. "दीड महिना काय."

पण तो दीड महिना वेगळाच निघाला. श्रीशैल बिदरबाहेर कोळारच्या औद्योगिक वसाहतीत, बियाण्यांच्या गोदामात कामाला होता. एक वाजता त्याची सुट्टी, एक वाजताच शाळेची. पहिले काही दिवस पुस्तकाबद्दलच बोलणं झालं. मग पुस्तकातलं सगळं बोलून संपलं, तरी एक वाजायचा राहिला नाही. आज हरभऱ्याचं बियाणं आलं, हाताला त्याचा वास लागलाय, तो सांगायचा. वर्गातल्या पिंकीनं आज बेडकाला सहा पाय काढले आणि दोन जास्तीचे कामून विचारलं तर म्हणाली, थंडी हाय म्हणून... ती सांगायची.

"तुम्ही कधीतरी लिहा की मराठीत," ती एकदा म्हणाली.

"नको. तुम्ही मास्तरीणबाई. लाल पेन घिऊन बसशीला."

"बसलेयच."

"मग तर नकोच. इथं मालक चुका काढायलाय, तेवढा बास हाय."

एका दुपारी तिनं विचारलं, "तुमचं वय किती?"

"सव्वीस."

"मी चोवीस. मग मी तुमची अक्का कशी?"

 मग अगदी लहानसा आवाज आला, "मग... काय म्हणू?"

"काय बी म्हणू नका."

"बरं... काय बी म्हणत न्हाई."

दुसऱ्या दिवशीचा त्याचा आवाज हाकेशिवायच सुरू झाला. आधी नुसता श्वास, थोडं अडखळणं, आणि मग, "...जेवलाव का?"

ते दोन शब्द तुळजानं तीनदा ऐकले. तिनंही त्या दिवसापासून 'अण्णा' म्हणणं सोडलं.

मुख्याध्यापिका सुशीलाबाईंच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. "मोबाईल बघून हसायलीस कामून गं? पगार वाढला व्हय आपला?"

"न्हाई बाई, ते... एक जुनं पुस्तक शोधायलेय."

"लई दिस शोधायलीस. सापडलं की मला बी दाव, किती उंच हाय ते."

येळवशीच्या दिवशी तुळजा वडिलांबरोबर मावशीच्या शेतात गेली होती. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, ज्वारी डोक्याइतकी उभी होती. कडब्याच्या खोपीत पूजा झाली. मावशीनं शेंगादाण्यांची, पालेभाज्यांची भज्जी वाढली, मडक्यातलं गार आंबील दिलं. तुळजाचं लक्ष ओच्यात ठेवलेल्या मोबाईलकडे. दुपारी केव्हातरी तो थरथरला.

एकच शब्द होता. "सापडलं."

आंबिलाचा पेला तिनं खाली ठेवला. बोटं ओली होती, नीट लिहिता येईना. "पुढं काय झालं?"

निरोप पोचल्याची खूण दिसली. वाचल्याची दिसली. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही. एक वाजायचा, सव्वा वाजायचा, शाळेची घंटा व्हायची. अकरा दिवस असे गेले. तुळजानं दोनदा विचारलं. मग विचारणं सोडलं. कोकरू मेलं असेल का शेवटी, आणि म्हणून हा सांगत नसेल? की पुस्तक मुळात नव्हतंच, ती चिंधी, त्या मिशा, सगळी गंमत होती? सातव्या-आठव्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की आपण निळ्या फाटकाचा विचार दिवसातून एकदा करतो आणि एक वाजायची वाट सकाळपासून बघतो. हे कळलं तेव्हा ती फळ्याकडे तोंड करून उभी होती. पोरांकडे वळायला तिला थोडा वेळ लागला.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, निरोप आला. तोही लिहून, वेड्यावाकड्या मराठीत. "उद्या शाळा सुटल्यावर येऊ का. हातातच द्यायच हाय."

तिनं लिहिलं, "या."

शनिवारी सकाळची शाळा. गोष्टीचा तास तिनं कसाबसा उरकला. पोरं ओरडत पळाली आणि खिडकीतून तिला फाटकापलीकडे मोटारसायकल दिसली. फोटोतलीच. आणि तिच्याशेजारी, पहिल्यांदाच, माणूस. उंच, काटक, अंगावर लाल मातीची धूळ. काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी घट्ट धरलेलं. फाटक उघडंच होतं. पोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडत होती. तो मात्र आत येत नव्हता. एकदा हात फाटकाकडे गेला, परत आला.

सुशीलाबाई कुलूप शोधत बाहेर आल्या, फाटकाकडे पाहिलं, तुळजाकडे पाहिलं. "उंच हाय की बरंच," एवढंच म्हणाल्या आणि किल्ली तिच्या हातात देऊन निघून गेल्या.

तुळजाच फाटकापाशी गेली.

"आत कामून येईनाव?"

"येतो," श्रीशैल म्हणाला. समोरासमोर त्याचा आवाज फोनपेक्षा हळू होता. "...येतो."

लिंबाच्या पारावर दोघं बसली. मध्ये हातभर अंतर. त्यानं कापड सोडलं. आत जुन्या घोंगडीचा वास लागलेलं, पातळसं पुस्तक होतं. पुठ्ठ्यासकट.

पुठ्ठ्यावर कन्नड अक्षरं होती.

तुळजानं ती वाचली. पुन्हा वाचली. 'मेंढ्यांचे रोग आणि लसीकरण. मेंढपाळांसाठी माहिती.'

"हे न्हवं," ती म्हणाली.

"पान उलटा."

तिनं उलटलं. गळ्यात लाल चिंधी बांधलेलं कोकरू, आणि त्याच्यापुढे बसलेली ती पोरगी. खाली लिहिलं होतं, कोकरू चारा खाईनासे झाल्यास दुर्लक्ष करू नये. पुढचं पान. पिशवीवाला, झाडूसारख्या मिशा. लसीकरणासाठी कर्मचारी घरी येतील, त्यांना सहकार्य करावे. पुढे ज्वारी होती, ओढा होता, टेकडी होती. कोणत्या ऋतूत कळप कुठे चारावा याची ती चित्रं होती. आणि मग निळं फाटक. हात उचललेली पोरगी. आजारी जनावर विलंब न करता जवळच्या दवाखान्यात न्यावे.

"गोष्ट कुठाय?" तुळजानं विचारलं. तिला स्वतःचाच आवाज लहान पोरीसारखा वाटला.

"न्हाई," श्रीशैल म्हणाला. "गोष्ट न्हाईच ह्यात. शिबिरात वाटलं व्हतं हे पुस्तक, तुमच्याकडं बी आलं असंल. येळवशीला ट्रंकेतून काढलं, तुम्हाला 'सापडलं' म्हणून लिवलं, आन् मग वाचलं. उलटा क्रम झाला माझा."

तुळजा पानाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांपुढे आईचं बोट होतं. ओळीखालून सरकणारं, ओळ संपली की मागे येऊन पुढची ओळ धरणारं. अनसाबाई उदगीरकडची. मराठी चौथी शिकलेली. कन्नडचं एक अक्षर तिला येत नव्हतं. घरात चित्रांचं पुस्तक एकच होतं, आणि ते तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं चित्रं बघून मनानंच...

कधी कधी गोष्ट लांबायची, आणि भाकरी करपायला लागली की आटपायची, हे तुळजाला आता आठवलं. पुण्याचा ग्रंथपाल, नागपूरच्या आजी, सगळे जे शोधत होते, ते कुठल्या कपाटात नव्हतंच.

"अकरा दिस," ती हळूच म्हणाली. "एक शब्द न्हाई तुमचा."

"खोटं सांगायचं ठरवलं व्हतं." त्यानं मान खाली घातली. "रोज एक शेवट रचायचो. गोदामात पोती मोजायचं सोडून. एकात कोकरू बरं झालं. एकात त्या पोरीची माय आली. एकात तर कोकरू राजा झालं."

तुळजा हसली, आणि हसतानाच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही.

"मग कामून न्हाई सांगितलं?"

"सांगता येईना. आप्पाचा आवाज मी इसरलोय. घोंगडी हाय, आवाज न्हाई. तुमच्यापाशी तुमच्या आईचा आवाज हाय, आख्खी गोष्ट हाय. त्यात माझा एक शब्द घुसला तर तो आईचा म्हणून जन्मभर ऱ्हाईल. मला ते... न्हाई जमलं."

वारा आला. लिंबाची पिवळी पानं पुस्तकावर पडली. श्रीशैलनं ती एकेक उचलून बाजूला ठेवली.

"शेवटचं पान बघा," तो म्हणाला. "तुम्ही विचारायचा ना, ते फाटकाच्या पुढचं."

तिनं निळं फाटक उलटलं. शेवटच्या पानावर चित्र नव्हतं. नुसते रकाने होते. तारीख, मेंढ्यांची संख्या, लस दिल्याची खूण. काही रकान्यांत श्रीशैलच्या आप्पाच्या अंगठ्याचे निळे ठसे होते, बाकी सगळे मोकळे.

म्हणजे आईनं काही लपवलं नव्हतं. चित्र संपलं तिथं तिची गोष्ट थांबत होती. पुढे नुसती अक्षरं होती, आणि अक्षरं लेकीनं शिकायची होती.

 रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्यावरची गाणी दूर जाऊन विरली. श्रीशैल उठला. मोटारसायकलची किल्ली उगाच या हातातून त्या हातात घेऊ लागला.

"पुस्तक तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. आईला विचारलंय मी. ती म्हणाली, ज्या लेकराचं हाय त्याला दे." मग थांबून म्हणाला, "ग्रुपवर लिवा आता. सापडलं म्हणून."

"कसं लिहू? गोष्ट कुठं सापडलीय?"

"पुस्तक तर सापडलं. आन् म्हणून आता..." त्यानं किल्ली मुठीत घट्ट धरली. "आता एक वाजता बोलायला माझ्याकडं निमित्त ऱ्हायलं न्हाई. अक्का म्हणायचं सोडलं ना, त्या दिसापासनं मी निमित्तच शोधायलोय. आज हे सांगायचंच, तिकडनं येताना सगळा रस्ता हेच म्हणत आलो. फाटकापाशी आलो आन्... पाय उचलंना."

तुळजानं वर पाहिलं. त्याच्या भुवयांवरही लाल धूळ होती. कान मात्र त्या धुळीहून लाल झाले होते.

"निमित्ताबगर बोलता येत न्हाई व्हय?" तिनं विचारलं.

त्यानं किल्ली खिशात टाकली.

"बसा," ती म्हणाली. "गोष्ट संपायचीय अजून. आईनं मला वाचायला सांगितलं व्हतं. ऐकायला कुणीतरी पायजे."

तो बसला. हातभर अंतर होतं, ते आता वीतभर झालं. वाऱ्यानं पान उडू नये म्हणून त्यानं कोपऱ्यावर अंगठा ठेवला.

"वाच, तुळजा," तो म्हणाला. पहिल्यांदाच नावानं.

तुळजानं बोटाला थुंकी लावली, अगदी अनसाबाई लावायची तशी. मग ते बोट मोकळ्या रकान्यांच्या पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि ते हळूहळू सरकू लागलं.

"ती पोरगी हात उचलून उभी ऱ्हायली. लई येळ. तिला भ्या वाटायलं, आतल्या माणसानं कोकरू हिसकून घेतलं तर? परत जावं म्हणलं, तर घर लई लांब. कोकरू गार पडायलंय..."

"मग?"

"मग तिनं फाटकाला कान लावला. आतून मेंढरांचा आवाज आला. कुणीतरी त्यांच्याशी बोलायलं व्हतं. हळू. तिची माय बोलायची ना, तसं."

बोट ओळीच्या टोकाला पोचलं, श्रीशैलच्या अंगठ्याला टेकलं आणि तिथंच थांबलं. त्यानं अंगठा काढला नाही. तिनंही बोट काढलं नाही.

"पुढं काय झालं?" त्यानं विचारलं.

पुढे झालं ते असं. एकोणीस वर्षं हात उचलून उभ्या असलेल्या त्या पोरीनं कोकरू आणखी जवळ धरलं, खाली ठेवलं नाही. आणि दुसऱ्या हातानं तिनं ते निळं फाटक ढकललं. आतून कडी लावलेलीच नव्हती. ती आत गेली.